व्हर्लन घरात आहे

ऑर्फा ओसरीवर घेवड्याच्या शेंगा ओवत बसली होती. हातात मोठी सुई, जाड दोरा, पायाशी टोपलं. ऑगस्ट सरत आला की लॉरेलच्या खोऱ्यातल्या सगळ्याच बायका हे काम काढतात. माळा आढ्याला टांगायच्या, आणि वाळल्या की हिवाळ्यात डुकराच्या खारवलेल्या तुकड्याबरोबर दिवसभर शिजत ठेवायच्या. त्या साली पावसानं केंटकीतल्या त्या डोंगरांना नको नको केलं होतं. उतारावरची तांबडी माती वाफ्यासकट ओढ्याला गेली, मका आडवा झाला, बटाटे जमिनीतच कुजले. हाताला लागल्या त्या एवढ्या शेंगा. तेव्हा हिवाळा काढायचा तर ऑर्फाचा सगळा भार सरकारी धान्याच्या कार्डावर होता. पीठ, दूध, कॉफी, चरबी, सगळं त्याच्यावरच यायचं. एकट्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे गेलेल्या बाईला दुसरं कोण देणार?

खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला तशी तिची सुई थांबली. खोऱ्यातल्या गाड्या आवाजावरून ओळखू येतात. ही ओळखीची नव्हती. इस्त्रीच्या सदऱ्यातला एक तरणा माणूस उतरला, चिखल चुकवत पायऱ्यांशी आला आणि म्हणाला, पत्ते तपासतोय, व्हर्लन आहेत का घरात?

व्हर्लन म्हणजे ऑर्फाचा नवरा. खाण बंद पडली तेव्हा ओहायोत काम बघून येतो म्हणून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. आधी दोन-चार फोन आले, मग दुसऱ्या बाईची बातमी आली, मग तीही येईनाशी झाली. मेला म्हणावं तर कागद नाही, सोडली म्हणावं तरी कागद नाही. ऑर्फानं रडून घेतलं आणि कुदळ हातात धरली.

पण हे दारातल्या परक्या माणसाला सांगायचं नसतं. उन्हाळ्यातच वरच्या अंगाला दोघंजण वाट विचारायच्या निमित्तानं आले आणि एका म्हातारीची दुखण्यावरची, नशेला विकली जाणारी औषधं झाडून घेऊन गेले होते. आणि औषधांचं राहू द्या, ऑर्फाच्या आईनं तिला चालायच्या आधी शिकवलं असेल ते हेच, की अनोळखी माणसापुढं बाईनं एकटी आहे म्हणून कबूल व्हायचं नाही. नवरा मेलेला असला तरी तो गोठ्यात असतो. खोऱ्यात याला कुणी खोटं म्हणत नाही. दाराला कडी घालण्यातलाच तो प्रकार.

"हाय की. मागं डुकराकडं गेलाय," ऑर्फा म्हणाली, आणि त्यानं काही बोलायच्या आत मान वळवून हाक घातली, "अवं! पावणं आल्यात, या जरा!"

नऊ वर्षांत नवऱ्याला हाक मारायची ही पहिलीच वेळ, तेव्हा तिनं चांगला घसा ताणून मारली. पाहुणा म्हणाला, राहू द्या, त्यांना कशाला त्रास, आणि वहीत काहीतरी लिहून गेला. जाताना खाली होबर्टच्या दारात थांबला. सत्तरीचा होबर्ट देवळात दर रविवारी प्रार्थना सांगणारा, सज्जन माणूस. व्हर्लन इथंच राहतो का, असं विचारल्यावर त्यानंही शेजारधर्म पाळला. म्हणाला, "म्हंजे? सकाळच्या पारी तर लाकडं फोडीत हुता."

संध्याकाळी दोघं यावरून हसले. चोर चांगला हाकलला असं त्यांना वाटलं.

पंधरवड्यानं धान्याच्या कचेरीचं पत्र आलं. नवरा घरात राहतो, त्याला खाणीचं निवृत्तिवेतन मिळतं, हे दोन्ही लपवून ऑर्फानं फसवणुकीनं धान्याचं कार्ड मिळवलं, असं त्यात लिहिलं होतं. उत्तर द्यायचं तर जिल्ह्याच्या गावी सुनावणीला या, नाहीतर गुन्हा कबूल धरू. ऑर्फानं ते तीनदा वाचलं. शेजारची कोंबडी आपल्या आवारात अंडं घालून गेली तर ते पदरात घालून परत नेऊन देणारी बाई ती. तिला लाज वाटली, मग संताप आला, मग पुन्हा लाजच वाटली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत होबर्टनं कपाळावर हात मारला.

सुनावणीला तो आपल्या पिकपमधून तिला घेऊन गेला, अंगात देवळात घालायचा कोट. सुनावणी घ्यायला समोर बसलेल्या प्रुएटबाई पिकल्या केसांच्या, बोलायला गोड होत्या. वाईट एवढंच की त्यांच्यापुढं कागद होता. त्यांनी दोघांनाही खरं बोलायची शपथ दिली आणि चष्मा वर सारला.

"नवरा मागे डुकराकडे आहे, असं तुम्ही आमच्या माणसाला सांगितलंत?"

"सांगितलं."

"आणि त्याला हाक मारलीत?"

"मारली की."

"कुणाला?"

"कुनालाच न्हाई, बाई."

प्रुएटबाईंनी ते लिहून घेतलं. लिहिल्यावर ते ऑर्फाला स्वतःलाही वेड्यासारखं वाटलं. तिनं सगळं सांगितलं, औषधं नेलेली म्हातारी, आईची शिकवण, ओहायो. बाईंनी मधे तोडलं नाही. मग त्या होबर्टकडं वळल्या. तोही सरळ म्हणाला, मी खोटं बोललो.

"मग आज खरं बोलताय हे मी कशावरून धरू?"

"आज शपथ घातलीया न्हवं तुमी," होबर्ट म्हणाला. "त्या दिशी त्या पोरानं कुटं घातली हुती? आन् बाईमानूस एकलंच हाय म्हनून मी परक्याला सांगू व्हय?"

बाईंना थोडं पटल्यासारखं दिसलं. पण गाडी चालवायच्या परवान्यावर व्हर्लननं पत्ता बदललेला नव्हता, तो अजून लॉरेलचाच होता. त्या म्हणाल्या, तो राहतो कुठं ते सांगा, आम्ही तपासून घेऊ.

"ते ठावं असतं तर नऊ वर्सं मीच तपासलं नसतं का? त्येचं निवृत्तिवेतन कुटं जातंय ते बगा की. तुमचं सरकार, तुमालाच ठावं."

ते दुसऱ्या खात्याकडं असतं आणि ते खातं पत्ता सांगत नाही, असं बाईंनी समजावलं. अगदी मनापासून समजावलं. दोघं पिकपमधून परतली. वाटेवर पानं लाल झाली होती.

नोव्हेंबरात निकाल आला. कार्ड वर्षभरासाठी बंद. खाली लिहिलं होतं की निकाल मान्य नसेल तर सोबतचा अर्ज भरून महिन्याच्या आत पाठवा. ऑर्फानं अर्ज टेबलावर पसरला. शेवटच्या पानावर दोन रेघा होत्या, घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांच्या सह्यांसाठी. एका रेघेखाली तिचं नाव छापलेलं, दुसरीखाली व्हर्लनचं.

तिनं फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, दोन माणसं असली की दोघांच्या सह्या लागतातच.

"अगं बाय, घरात एकच हाय, ह्येच तर सांगायचंय मला त्या अर्जात."

"हो, पण आमच्या नोंदीत दोन आहेत ना."

"मग ती नोंद बदला."

"त्यासाठीच अर्ज करायचा, बाई. सह्या करून."

ऑर्फानं फोन ठेवला. इकडं आड तिकडं विहीर. होबर्ट आला तेव्हा ती तशीच टेबलाशी बसलेली. त्यानं अर्ज लांब धरून वाचला, खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्येची सही येती का तुला?"

येत होती. लग्नाची वीस वर्षं व्हर्लनच्या सगळ्या कागदांवर तिनंच सही केली होती, त्याला लिहायचा कंटाळा म्हणून. पेन समोर होतं. दोन अक्षरं ओढली असती तर अर्ज पुरा झाला असता, आणि पीठ, दूध यायची आशा तरी राहिली असती.

"आबा, ही मातर खरीखुरी फसवनूक हाय," ती म्हणाली.

"हाय," होबर्ट म्हणाला. "पन ती चालती त्यास्नी. खरं तेवढंच चालंना."

ती रात्रभर त्यावर विचार करत राहिली असं नाही. तिनं तेव्हाच आपल्या रेघेवर सही केली आणि दुसरीवर लिहिलं, हा माणूस इथं राहत नाही. होबर्टनं मान हलवली आणि पाकीट टपालात टाकून आला.

डिसेंबरात जमीन दगडासारखी झाली. कुदळ टाकली तर ती परत यायची. डब्यात पीठ चार दिवसांचं उरलं होतं, तेही तिनं जास्तीच्या पाण्यात कालवून सहा दिवसांवर नेलं. एका सकाळी होबर्ट टपाल घेऊन वर आला आणि पाकीट तिच्या हातात द्यायच्या आधी त्यानं ते नुसतंच धरून ठेवलं. घरातला कर्ता पुरुष म्हणून पत्र व्हर्लनच्या नावानं आलं होतं.

आत तिचाच अर्ज होता. एक सही कमी असल्यामुळं अपुरा, परत. पुन्हा करायची मुदत आदल्या आठवड्यात संपली होती.

होबर्टनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "करायची हुतीस सही, पोरी."

"मग त्यांचं खरं झालं असतं, आबा."

"आता कुनाचं झालं?"

 ऑर्फा उठली आणि तिनं चुलीत लाकूड सारलं. मग त्याला कॉफी विचारावी म्हणून तिनं डबा उघडला, तळ दिसला, आणि तिनं तो तसाच लावून ठेवला.