मी दिसत होते

मित्रांनो, मी एक जुनी थाळी आहे. जेवायची नव्हे, बरं का! माझ्यात आजवर कुणी एक घाससुद्धा वाढलेला नाही. तलावाचं पाणी किती नितळ आहे, ते सांगणारी मी थाळी. शाळेच्या प्रयोगशाळेत दाराशेजारच्या खिळ्यावर मी लटकलेली असते. माझ्या रंगाचे पोपडे निघालेत, कडेला गंज चढलाय. नवीन मुलं मला घड्याळ समजतात आणि काटे कुठे गेले म्हणून विचारतात. विचारू देत बापडी, मला आता त्याचं काही वाटत नाही.

माझा जन्म एका पिंपाच्या झाकणातून झाला. विज्ञानाच्या बाईंनी ते झाकण भंगारातून उचललं आणि पत्रेवाल्याकडे नेलं. त्याने मला गोल कापलं, कडा ठोकून बोथट केल्या, मधोमध भोक पाडलं. "एवढ्याशा पत्र्याचे केवढे लाड, बाई!" असं म्हणत तो हसलाही. मग मुलांनी माझे चार भाग आखले. समोरासमोरचे दोन काळे रंगवले आणि दोन पांढरे. रंगवताना एकाने माझ्यावर कोपर टेकवलं आणि दिवसभर काळं कोपर घेऊन वर्गात मिरवला. माझ्या पोटाखाली लोखंडाचं वजन बांधलं, भोकातून दोरी ओवली आणि दोरीला बाईंच्या एकेका वितीवर गाठ मारली. झाले मी तयार.

माझं काम म्हटलं तर अगदी साधं. तलावाकाठच्या पंपघरापासून एक लाकडी धक्का पाण्यात शिरतो. त्याच्या टोकाशी मला हळूहळू खाली सोडायचं. फळीवर पालथं पडून एकाने माझ्याकडे बघत राहायचं. मी दिसेनाशी झाले की ओरडायचं, "गेली!" मग मला थोडं वर ओढायचं. पुन्हा दिसले की, "आली!" दोन्हींच्या मधली गाठ मोजायची. पाणी जितकं नितळ तितकी मी खोलवर दिसणार. गढूळ असेल तर लगेच बुडाले म्हणून समजा.

पहिल्या काही आठवड्यांत मुलांनी नुसता गोंधळ घातला. दहा जण वाकून बघायचे आणि दहा तोंडांनी ओरडायचे. एक म्हणे गेली, दुसरा म्हणे अजून आहे, तिसऱ्याची सावलीच माझ्यावर पडलेली. शेवटी बाईंनी नियम केला, "बघणारा एकच. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं आणि पाण्याकडे मुळीच बघायचं नाही." दर वेळी डोळे बदलले तर मोजमाप जुळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. ते चूक नव्हतं. पण त्या नियमाने पुढे घात केला.

बघायचं काम मिळालं एका मुलीला. तिला सगळे घार म्हणत. तलावापलीकडच्या खांबावर घरटं आहे आणि त्यात पिल्लं आहेत, हे तिने या काठावरून ओळखलं होतं. तिचा केवढा रुबाब! कोपरं टेकून ती फळीवर पडायची, दोन्ही वेण्या तोंडात धरायची, म्हणजे त्या पाण्यात लोंबायला नकोत. दोरी सोडायला लांब्या नावाचा उंच मुलगा असे. घार वेण्या तोंडात ठेवूनच "गेली" म्हणायची आणि लांब्याला ऐकू यायचं "घेई". ती दोरी मागतेय असं समजून तो आणखीच सोडायचा आणि दोघांचं भांडण जुंपायचं. फार छान दिवस होते ते. वर्गाच्या भिंतीवर माझ्या खोलीचा आलेख लागला होता आणि पाहुणे आले की बाई आधी त्याच्याकडे बोट दाखवायच्या.

पुढच्या वर्षी आलेखाची रेघ खाली घसरू लागली. आधी एका गाठीने, मग दोन, मग तर पार निम्म्यावर. वर्ग काळजीत पडला. पाणी एवढं कशाने गढूळ होतंय?

मित्रांनो, आता मी सांगते ते नीट ऐका. पाणी गढूळ होत नव्हतं. ज्या पाण्यातून मी वर दिसते, त्याच पाण्यातून वरचंही मला दिसतं. घार जेव्हा "गेली" म्हणायची, तेव्हा मला तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तोंडातल्या वेण्या दिसत होत्या. तिने बारीक केलेले डोळे दिसत होते. अगं, मी इथेच आहे, अजून कुठे गेले, असं मला आतून ओरडावंसं वाटायचं. पण पत्र्याला कुठे तोंड असतं? माझा जीव तुटायचा आणि लांब्या मला गपकन वर ओढून घ्यायचा.

एकदा लांब्याने बाटलीत पाणी भरून उन्हात धरलं. "बाई, हे तर चांगलंच दिसतंय की," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "बाटलीत तलाव मावत नाही रे." तेही खरंच होतं. म्हणून बाटली तिथेच राहिली.

मुलांनी शोध घेतला. तलावाला मिळणाऱ्या ओढ्यावर दगड कापण्याचा कारखाना होता. दगड कापताना पाणी सोडतात, त्याचा पांढरा चिखल होतो. झालं, चोर सापडला! कारखाना बंद करावा असा अर्ज मुलांनी लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. पेन घारीच्या हातात आलं तेव्हा सगळे तिच्याकडे बघू लागले, कारण तिचे बाबा त्याच कारखान्यात करवतीवर होते. घारीने सही केली. म्हणाली, "जे दिसतं ते दिसतं." मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

ही गोष्ट घरी कळली. दुसऱ्या दिवशी मापाच्या वेळी तिचे बाबा धक्क्यावर आले. अंगावर दगडाची भुकटी, हातात डबा. मुलांना वाटलं, आता हे तमाशा करणार. पण ते चपला काढून बाईंना म्हणाले, "बाई, मी भांडायला नाही आलो. आम्ही चिखलाचे खड्डे केलेत, पाणी निवळूनच सोडतो. तरी चुकत असेल तर चुकत असेल. फक्त एकदा मला बघू द्या."

बाईंनी मान हलवली. ते लेकीशेजारी फळीवर पालथे झाले. लांब्याने मला सोडलं. एक गाठ, दुसरी, तिसरी.

"गेली!" घार म्हणाली.

बाबा म्हणाले, "कुठे गेली? ही काय, दिसतेय की."

मागे मुलं खुसखुसली. कारखान्याचा माणूस दुसरं काय म्हणणार! घारही चिडली, "बाबा, उगाच काहीतरी बोलू नका हं."

"अगं, खरंच. पांढरं इकडे आहे, काळं तिकडे. ती बघ, आता फिरली."

मी खरोखरच फिरले होते. बाबांनी पाण्यावरची नजर काढली आणि लेकीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग, संकोच, सगळं गेलं. तिथे नुसती भीती उरली. त्यांनी विचारलं, "बाळा, तुला ती दिसत नाहीये?"

आता बाई वाकल्या. नियम केल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी पाण्यात बघितलं, आणि मी त्यांना दिसले. त्यांनी लांब्याला हाताने खूण केली, अजून सोड. मी कितीतरी खाली गेले. तरी दिसतच होते.

बाईंनी घारीचा उजवा डोळा आपल्या तळहाताने झाकला, तेव्हा तिला धूसर दिसलं. मग डावा. डावा झाकला तेव्हा घार म्हणाली, "बाई, सगळं पांढुरकं आहे." आणि मग हळूच म्हणाली, "मला वाटलं पाणीच तसं झालंय. फळा पण तसाच झाला होता. मला वाटलं, सगळ्यांनाच तसं दिसतं."

बाई तिच्याशेजारी फळीवर बसल्या. म्हणाल्या, "वर्षभर मी तुझ्याशेजारी उभी होते गं. आणि काळजी पाण्याची करत होते."

त्याच दुपारी बाबा आणि बाई तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. काय झालं ते दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बाईंनी मुलांना सांगितलं, म्हणून मला कळलं. डोळ्यांच्या आत सूज होती. दुखत नाही, लाल होत नाही, गुपचूप वाढते. उजव्या डोळ्याची नजर गेली ती परत येणार नव्हती. डावा वाचवता येत होता, पण औषध आत्ताच सुरू करायला हवं होतं. "आणखी काही महिने गेले असते तर दोन्ही गेले असते," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. हे सांगताना बाई मुलांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी अर्ज फाडला. कारखान्याच्या खड्ड्यांवर मुलांचं लक्ष मात्र राहिलं, आणि ते योग्यच होतं.

घार परत आली तेव्हा लांब्या फळीवर पालथा पडलेला होता आणि त्याच्या शेजारी आणखी एक जण. आता बघणारे दोघं असतात. घार क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, ही आता पाठ फिरवून जाणार. पण तिने लांब्याच्या मागे पडलेली दोरी उचलली. डोळे मिटून गाठ न् गाठ बोटांनी चाचपत मला खाली सोडलं आणि विचारलं, "गेली?"

"अजून आहे," दोघं म्हणाले.

"मग नीट बघा," ती म्हणाली. तिच्या हातातली दोरी अजिबात हलली नाही.

आता तलावावर एक नवं यंत्र जातं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. मला पाणी लागून किती वर्षं झाली, आठवत नाही. पण बाईंनी मला टाकून दिलं नाही. शाळा सुरू झाली की तलावावर जायच्या आधी त्या मला व्हरांड्याच्या पार टोकाला टांगतात. प्रत्येक मूल दुसऱ्या टोकाला उभं राहतं, एक डोळा झाकतं आणि पांढरं कुठे आहे ते सांगतं. मग दुसरा डोळा. बाई दर वेळी मला थोडं फिरवतात, म्हणजे कुणी ऐकून सांगायला नको.

गेल्या वर्षी एका बडबड्या चिमुरडीची पाळी आली. पहिल्या डोळ्याने तिने धडाधड सांगितलं. दुसऱ्याच्या वेळी ती थांबली आणि म्हणाली, "बाई, थाळी काढून का घेतली?"

सगळी मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल, आधी तुझ्या आईला बोलावू." यावेळी उशीर झाला नव्हता. ती आता जाड चष्मा लावून येते आणि मला चिडवायला माझे काटे कुठे गेले म्हणून विचारते.

मित्रांनो, तलाव जपा, ओढे जपा, ते जपायलाच हवेत. पण पाण्यावर नजर ठेवताना शेजारी बसलेल्याकडेही बघा. त्याला विचारा, तुला दिसतंय ना? आणि तो हो म्हणाला, तरी एक डोळा झाकून पुन्हा विचारा.