खिडकीवरची घोंगडी

मित्रांनो, उन्हाळ्यात जिला कुणी जवळ करत नाही आणि थंडीत कुणी सोडत नाही, ती मी आटपाडीकडची काळी घोंगडी. आता जुनी झाले आहे. अंग राठ आहे, बोलणंही थोडं तसंच. सांभाळून घ्या.

माझ्या मालकीण लीलाबाईंच्या मेंढरांची लोकर कातरली, तिचं सूत निघालं आणि सनगराच्या मागावर मी विणली गेले. चिंचोक्याच्या खळीत न्हाऊन कडक झाले. मग कळपामागं माळोमाळ हिंडले. वाऱ्यापावसात लीलाबाईंच्या डोक्यावर माझीच खोळ असायची. "माझी घोंगडी हाय तवर मला कशाचं भ्या न्हाई," असं त्या चारचौघांत म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढं त्यांचे गुडघे थकले. मुलानं कळप विकला. मी दांडीवर पडून राहिले आणि कसरीच्या किडीनं माझ्या पोटाला भोक पाडलं. संध्याकाळ झाली की लीलाबाई मेंढरांच्या मोकळ्या जागेकडं बघत बसत. मलाही फार आठवण यायची. ती माझीच माणसं होती ना!

एके दिवशी त्यांची नात राजेश्वरी मला शाळेत घेऊन गेली. तिथं संयोगिताबाई मुलांना दोन शनिवारी मिळून एक जपानी सिनेमा दाखवणार होत्या. कादंबरीवरून काढलेला, सगळा हातानं चितारलेल्या चित्रांचा. अंधार करायला उगवतीच्या खिडकीवर मला टांगलं, तेही तोंड बाहेर करून. म्हणजे सिनेमा माझ्या पाठीमागं!

बाई गोष्ट मराठीत सांगत होत्या. मियो नावाच्या मुलीचं कोकरू डोंगरवारा उचलून नेतो आणि त्याचा ढग करतो. मियो त्याला शोधायला निघते. एवढ्यात कोकरू ओरडलं. माणसं जपानी बोलत होती, पण कोकरू अगदी आमच्या माळावरचं! माझा धागा न् धागा कळवळला.

नातीचा डबा घेऊन आलेल्या लीलाबाई बाहेर थबकल्या. इकडंतिकडं बघून त्या माझ्या भोकाशी वाकल्या.

"बाई, पडद्यावर उनाचा ठिपका पडलाय!" आत कुणी ओरडलं. लीलाबाईंनी भोकाला डोळा लावला आणि लगेच, "आरं, गेला की!"

बाईंनी राजेश्वरीला भोक रफू करून आणायला सांगितलं. लीलाबाईंनी घरी सुई ओवली आणि ठेवून दिली.

"आज्जे, भोक बुजीवलं न्हाईस?"

"बुजवू की. घाई काय हाय?"

भिजत घोंगडं म्हणतात ते हेच! कोकरू परत येतं का, एवढं त्यांना बघायचं होतं. पण पोरांत जाऊन बसायची लाज वाटत होती.

पुढच्या शनिवारी ठिपका पुन्हा आला आणि पुन्हा गेला. राजेश्वरी हुशार. ती बाहेर आली.

"आज्जे! उनात का हुबी? आत चल की."

"आगं, पोरांच्या शिनेमात म्हातारीचं काय काम?"

"कोकराचं तुला कळतं तेवढं आमाला कुठं कळतंय? चल."

हात धरून तिनं आजीला आत नेलं. खिडकीत मी आणि ऊन, दोघंच उरलो. आत मियो हाका मारत होती. किती हाका! कोकराचा आवाज काही येईना. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "कोकरू आलं नाही. आभाळ रिकामंच आहे."

तेवढ्यात अंधारातून हाळी उठली. माळावरून कळप माघारी वळवणारी लीलाबाईंची हाळी! "हुर्रर्र... ये रं बाळा, ये!"

एकही मूल हसलं नाही.

"आज्जे, बग! आभाळात बग!"

"आलं गं बाई, आलं," लीलाबाई म्हणाल्या.

काय आलं ते मला कळेना. जीव नुसता तळमळला. घरी जाताना मी त्यांच्या खांद्यावर होते, तेव्हा उलगडलं. लीलाबाई आत गेल्या तसा भोकावरचा डोळा हटला होता आणि माझ्यातून गेलेलं ऊन पडद्यावरच्या रिकाम्या आभाळात जाऊन उभं राहिलं होतं.

"आज्जे, ते कोकरू नव्हतं. भोकाचं ऊन हुतं," राजेश्वरी म्हणाली.

"मला काय कळंना व्हय?" लीलाबाई मला कुरवाळत म्हणाल्या. "पर आलं ते आपल्याच मेंढरांच्या लोकरीतनं."

मित्रांनो, कळप काही परत आला नाही. संध्याकाळी आम्ही दोघी अजून वाट बघतो. तुमच्या घरी एखादी जुनी घोंगडी असेल, तर तिला ऊन दाखवा, झटका, जपा. खिडकीबाहेर कुणी एकटं उभं असेल, तर हात धरून आत आणा. माझं भोक मात्र बुजवू नका.