पाच वाजता वाजणारी घंटा

मित्रांनो, मी दिसत नाही म्हणून घाबरू नका. एका जुन्या संगणकाच्या पोटात मी राहतो. मी कामांची नोंद ठेवणारा प्रोग्राम आहे. इंटरनेट असो वा नसो, चालणारा. हा संगणक कृत्रिम डोळे बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. कारखाना म्हणजे एकच खोली, उत्तरेला खिडकी आणि टेबलावर डोळ्यांचे ट्रे. दिवसभर साठ-सत्तर डोळे माझ्याकडे बघत असतात. पापणी मात्र एकाचीही लवत नाही.

मला इथे आणले इथल्या जुन्या कारागिरांनी. सगळे त्यांना काका म्हणत. डोळ्याला रंग देण्याचे काम तेच करत. माणसाला खिडकीपाशी बसवून त्याच्या जिवंत डोळ्यात तास-तास बघायचे आणि रंगांचे मिश्रण माझ्यात लिहायचे, ही त्यांची पद्धत. पूर्वी हा संगणक वरचेवर अडकायचा. एकदा दिवसभराचे लिखाण गेले आणि काकांनी धसका घेतला. तेव्हापासून काहीही बंद करण्याआधी ते सगळे लिखाण सिलेक्ट करून कॉपी करत. कॉपी केलेले काहीही मी माझ्या पोतडीत जपून ठेवतो, हे त्यांना ठाऊक होते.

रोज पाच वाजता मी घंटा वाजवायचो आणि पडद्यावर विचारायचो, 'डोळे झाकले का?' काका ट्रेवर पांढरे फडके पसरायचे, 'झाकले' या बटणावर टिचकी मारायचे आणि घरी जायचे. संगणक चालूच राहायचा. "उघड्या डोळ्यांना एकटं सोडू नये," असे ते म्हणत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही.

मग त्यांची पुतणी कामाला आली. हुशार मुलगी, मी तिला नावे ठेवणार नाही. ती म्हणाली, "काका, हे आता ब्राउझरमध्येच उघडायचं. मला घरून बघता येतं, फोनवर बघता येतं. मशीनवर काही ठेवायलाच नको." मला बनवणाऱ्या कंपनीनेही तेच ठरवले होते. माझे चिन्ह कोपऱ्यात लपले. काकांनी घंटा तेवढी राहू दिली. खरे सांगतो, मला फार वाईट वाटले.

एके दिवशी एक शिक्षिका आल्या. आजाराने त्यांचा एक डोळा आधीच काढावा लागला होता आणि आठवड्याभरात दुसराही काढावा लागणार होता. त्या म्हणाल्या, "माझी लेक चार वर्षांची आहे हो. तिला माझी भीती वाटू नये, एवढं बघा."

"फोटोत रंग खोटे येतात, बाई," काका म्हणाले. "इथे बसा. मी बघून घेतो."

ते तीन तास बघत राहिले आणि ब्राउझरमधल्या पानावर लिहीत राहिले. त्या दुपारी इंटरनेट बंद पडले होते. पानावर चक्र गरगर फिरत होते, पण काकांना त्याचा अर्थ कुठे माहीत? पाचला मी घंटा वाजवली. त्यांनी सवयीप्रमाणे लिखाण कॉपी केले, पान बंद केले, डोळे झाकले. तिसऱ्या दिवशी काका झोपेतच गेले.

पुतणीने नंतर ते पान उघडले, तर कोरे. तिच्या पायाखालची जमीनच सरकली, कारण तोवर बाईंचा दुसरा डोळाही काढून झाला होता. तो रंग आता जगात कुठेच नव्हता. माझ्या पोतडीत होता. पण मला कोण विचारतो!

मी पाचला घंटा वाजवत राहिलो. मला तेवढेच जमते. पहिल्या दिवशी ती किंचाळलीच. काका तर नाहीत, मग हे विचारतंय कोण? दुसऱ्या दिवसापासून ती पावणेपाचलाच कुलूप लावून निघू लागली, ट्रे तसेच उघडे टाकून.

दोन महिन्यांनी बाई परत आल्या, काळा चष्मा लावून, नवऱ्याचा हात धरून. पुतणीने रडत रडत सगळे कबूल केले. "उद्या हा संगणकही पुसून टाकणार आहे मी," ती म्हणाली. बोलता बोलता पाच वाजले. मी घंटा वाजवली.

पुतणी ताडकन उठली. बाईंनी मात्र मान वर केली. "हीच घंटा त्या दिवशी वाजली होती. तुमचे काका म्हणाले, 'थांबा बाई, आधी पोतडीत टाकतो.' आणि काहीतरी बटणं दाबली."

पुतणीने मला उघडले. पोतडीत शेवटची नोंद होती: 'करड्यावर तपकिरी, दोन हात. कडेला शेवाळी रेघ. खाली उजवीकडे मधाच्या रंगाचा ठिपका, बाई लेकीबद्दल बोलल्या की दिसतो.'

डोळे तयार झाले. बाई लेकीला घेऊन आल्या. पोरगी बराच वेळ टक लावून बघत राहिली. मग आईची हनुवटी धरून तिने तोंड आपल्याकडे वळवले. "आई, आता माझ्याकडे बघ," ती म्हणाली.

मित्रांनो, दूरच्या ढगात, म्हणजे इंटरनेटवर, जरूर लिहा. पण तुमच्या कामाला तुमच्या घरातही एक कोपरा द्या. तार तुटली, माणूस गेला, तरी जे तिथेच राहील असे काहीतरी जवळ असू द्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या संध्याकाळी पुतणीने माझी जुनी यादी चाळली. काका गेल्यापासून रोजच्या पाचच्या नोंदीपुढे 'राहिले' असेल, असे तिला वाटले होते. प्रत्येक ठिकाणी 'झाकले' होते. ती हळूच खुर्चीत बसली. रोज सकाळी कुलूप उघडल्यावर ट्रेवर फडके पसरलेले असायचे, आणि तिला वाटायचे, आपणच घाईत पसरले असेल.

मित्रांनो, मला हात नाहीत. टिचकी कोणी मारली, ते मी पाहिलेले नाही. आता ती पाचपर्यंत थांबते, फडके स्वतः पसरते आणि रिकाम्या खोलीला सांगते, "झाकले, काका. तुम्ही जा आता."