सत्तर नंबरचं पान

मित्रांनो, मी एक जुना फिलर गेज आहे. नाव ऐकून दचकू नका. एका खिळ्यात ओवलेली पोलादाची तेरा पातळ पानं, एवढाच माझा संसार. दोन धातूंमधली जी फट डोळ्यांना मोजता येत नाही, ती माझी पानं मोजतात. प्रत्येक पानावर त्याच्या जाडीचा आकडा कोरलेला आहे. त्यातलं सत्तर नंबरचं पान, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा भाग केले तर त्यातले सात, आज वाकलेलं आहे. ते कसं वाकलं ते सांगतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. लालबुंद अंगावर थंडगार तेल पडलं आणि मी कडक झालो, एवढंच. कळू लागलं ते सडक अर्जुनीत, हमरस्त्याकडेच्या उदारामच्या गॅरेजात. उदारामच्या वाडवडिलांनी गावोगावी तलाव बांधले होते. पाण्याचा जोर किती आणि तलावाची पाळ, म्हणजे बांध, किती रुंद हवी, हे त्या माणसांच्या रक्तातच होतं. उदारामनं पाण्याचं काम सोडलं आणि इंजिनाचं धरलं, पण हात तेच राहिले. काम झालं की तो मला मऊ फडक्यानं पुसायचा, एकेका पानाला तेलाचं बोट लावायचा आणि खिशात ठेवायचा. छातीशी होतो मी त्याच्या, मित्रांनो. तीस वर्षं.

त्याचा मुलगा ओमेश माझ्यासमोरच मोठा झाला. जुन्या स्कूटरचा प्लग हातात देऊन उदारामनं त्याला पहिला धडा दिला होता, "फट थोडी मोठी कर राजा, ठिणगी लठ्ठ पडते." त्या स्कूटरला ते खरंच होतं. पुढं ओमेश नागपूरला शिकून आला, गाडीचा आजार पडद्यावर दाखवणारं यंत्र घेऊन आला. पण तो पहिला धडा त्याच्या मनात तसाच रुतून राहिला.

एक दिवस धानाचे व्यापारी ताराचंदभाऊ आपली टर्बोची गाडी घेऊन आले. त्यांच्या बायकोच्या, सुशीलाबाईंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गोंदियाला न्यावं लागे.

"उदारामभाऊ, ट्रकच्या पुढं काढाले गेलो का गाडी हुचक्या देते. बाईचा जीव आहे मागच्या सीटवर."

"चिंता नोको करू, भाऊ. प्लग गेले असतील."

उदारामनं नवे तीन प्लग आणले. डबीतून निघाले तसे बसवले नाहीत. आधी गाडीचं पुस्तक उघडून नातीला, नीतूला, आकडा वाचायला लावला. ती म्हणाली, शून्य पॉइंट सात. मग त्यानं माझं सत्तरचं पान काढलं. डबीतल्या प्लगांची फट जास्त होती. प्लगचं वाकडं टोक त्यानं हळूच ठोकलं, पान सरकवून पाहिलं, पुन्हा ठोकलं. पान ना सैल, ना घट्ट. गोठलेल्या लोण्यातून सुरी जावी तसं जरासं अडखळत गेलं. ठोकता ठोकता तो आपल्या बायकोची, शामकलाची ओवी गुणगुणत होता:

*वारा सुटे पाळीवर, दिवा पदराआड धर,*
*हात लांब नेशील बाई, वात विझंल भरभर.*

"आजोबा, इतकी कमी फट काऊन?" नीतूनं विचारलं.

"टर्बो इंजिनात हवा कोंबते, पोरी. जोर लावला का आत वादळ असते. वादळात ठिणगीले दूर उडी माराले लावली तर मरते बिचारी. दाब जास्त, त जागा कमी."

नीतूला समजलं. पण सांगायला हवं होतं ज्याला, तो ओमेश तेव्हा जेवायला गेला होता.

उदाराम नीतूला घेऊन गाडीच्या वायरी आणायला बाजारात गेला आणि ओमेश परतला. टेबलावरचे प्लग त्यानं उजेडात धरले. "बाबाचे डोळे गेले आता! एवढ्याशा फटीत ठिणगी पडते का?" असं म्हणून त्यानं तिन्ही प्लगांची टोकं पक्कडीनं उचलली. अंदाजानंच. मी शेजारी पडलो होतो. एकदा, फक्त एकदा मला हातात घेतलं असतं त्यानं!

प्लग बसवून त्यानं गाडी चालू केली. उभ्या गाडीला कसला जोर? ती मांजरासारखी गुरगुरत राहिली. उदाराम आला, आवाज ऐकला, खूश झाला. ओमेशनं काही सांगितलं नाही. बापाची चूक गुपचूप सावरली, असंच त्याला वाटत होतं.

दोन दिवसांनी गाडी ओढून आणली, पुढचा भाग चेपलेला. गोरेगावच्या अलीकडे, जंगलाच्या पट्ट्यात, ट्रकच्या बाजूनं पुढं काढताना तिचा श्वास अडकला. समोरून बस. ताराचंदभाऊंनी गाडी रस्त्याखाली घातली, ती ऐनाच्या झाडावर आदळली. सुशीलाबाईंचा हात मोडला, तोच हात, ज्यात त्यांना डायलिसिसच्या सुया लावत.

उदारामनं प्लग काढले. सत्तरचं पान सरकवलं. ते त्या फटीत सैल हललं. मग शंभरचं घातलं, ते घट्ट बसलं. त्यानं मान वर केली. ओमेश खांबाला टेकून उभा होता, चेहरा राखेसारखा.

"काय निघालं?" ताराचंदभाऊंनी विचारलं. "बोल ना! भरोशानं आलो होतो तुह्याकडे."

उदाराम ओमेशकडे पाहत राहिला. वाट पाहत राहिला. मी त्याच्या मुठीत होतो. ओमेशनं नजर पायांकडे नेली.

"माह्याच हातची गाडी होती, भाऊ," उदाराम शेवटी म्हणाला. "चूक माहीच."

"म्हातारा झालास त घरी बसाचा होता!"

त्या दिवसापासून उदाराम बाहेरच्या बाकड्यावर बसतो. मला त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवलं, न पुसता. ओमेशनं गॅरेजवर आपल्या नावाचा नवा बोर्ड लावला, आणि बॅटरीवरचा गंज खरवडायला तो मला वापरू लागला. त्यातच एका झटक्यात माझं सत्तरचं पान वाकलं.

परवा पुन्हा एक टर्बोची गाडी आली. ओमेशनं यंत्राकडे पाहिलंही नाही, मला शोधलं. सत्तरचं पान फटीत जाईना. त्यानं दाबून पाहिलं, हातोडीनं सरळ करून पाहिलं. बाकड्यावरून, रस्त्याकडे तोंड करूनच, उदाराम बोलला. कित्येक महिन्यांनी बोलला.

"पन्नास अन् वीसचं एकावर एक धर. सत्तरच होते."

ओमेशनं तसं केलं. फट बरोबर बसली. तेवढ्यात ताराचंदभाऊ समोरून गेले. बाकड्याकडे पाहून त्यांनी तोंड फिरवलं. ओमेशनं ते पाहिलं, आणि मान खाली घालून तो मोजलेलाच प्लग पुन्हा मोजू लागला.

मित्रांनो, अवजारं पुसून ठेवत जा, मोजून काम करत जा. पान वाकलं तर दोन पानं जोडून भागतं. पण एका चुकीचं ओझं दुसऱ्याच्या नावावर चढताना दिसलं, तर तिथंच बोला. मला तोंड नव्हतं. ओमेशला होतं.