मावशीच्या तोंडात पाणी

जितेंद्रनं पहिल्या तीन पानांतच नागपूर संपवलं. धरमपेठेतली दुकानं ओस, नळ कोरडे, फुटाळा तलावाच्या तळाला भेगा. कादंबरी जगबुडीनंतरची, खरं तर जग आटल्यानंतरची, आणि वाक्यंही तशीच कोरडी. भावना औषधालाही सापडायची नाही. यालाच तो शैली म्हणायचा.

माणसं कल्पनेतून आणायचा मात्र त्याला कंटाळा. म्हणून जरीपटक्यातली मावशी, कुसुमताई, त्यानं घरादारासकट उचलून आत टाकली. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं होतं. कादंबरीत ती तहानेनं दारात पडलेली असते. नायक, तिचाच भाचा, भरलेली बाटली घेऊन समोरून जातो. 'ती पाणी म्हणाली. तो थांबला नाही.' संपादक मुकुंद या दोन वाक्यांवर फिदा होता. "सगळी कादंबरी इथंच आहे," तो म्हणायचा.

मावशीनं हट्टानं त्याला ते प्रकरण वाचून दाखवायला लावलं. स्वतःच्या मरणावर ती खुशाल हसली. "जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते." मग तिनं विचारलं,

"पण तू थांबला काहून नाही गा?"

"मावशी, तो मी नाही वं, नायक आहे. अन् तशी शैली आहे."

"असंल. पण मरते येळी तोंडात पाणी घालाले मले तूच तं आहेस. दोन थेंब पाज, मंग जाय पुढं."

जितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लिहितो," तो म्हणाला. तेवढ्यावर खूश होऊन तिनं त्याच्यासाठी शिरा केला.

घरी येऊन त्यानं वाक्य घातलं. 'तो वाकला आणि तिच्या तोंडात पाणी घातलं.' वाचून पाहिलं. प्रकरण एकदम रडकं झालं होतं. मुकुंदचा फोन आला, आजच पाठव. जितेंद्रनं ते वाक्य काढून टाकलं आणि प्रकरण पाठवलं. लाज वाटली, फार वाटली, पण पाठवलं.

थोड्या वेळानं मावशीचा फोन.

"पाजलं का गा?"

"हो, मावशी."

"प्याली मी?"

"प्याली."

"मंग छापू दे आता," ती म्हणाली. "मी गल्लीतल्या साऱ्या बायांले सांगून राहिली, माह्या जितूनं मले पाणी पाजलं म्हणून."