माझा मोडलेला गळा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा असतो तसला नव्हे. मला हात नाहीत, पाय नाहीत. डोकं, मान आणि छाती, एवढाच माझा संसार. ज्याचा श्वास बंद पडला आहे अशा माणसाला पुन्हा या जगात कसं ओढून आणायचं, ते माझ्यावर शिकतात. म्हणजे मी रोज मरायचं आणि कोणीतरी वाचवेल म्हणून पडून राहायचं, हे माझं काम.

कारखान्यात माझ्या अंगावर रबराची कातडी चढवली, छातीत जाड स्प्रिंग घातली आणि गळ्यात एक छोटी झडप बसवली. ही झडप फार महत्त्वाची. बेशुद्ध माणूस उताणा पडला की त्याची जीभ मागे घसरते आणि श्वासाची वाट बंद होते. हनुवटी उचलून डोकं मागे कलवलं की ती उघडते. माझंही अगदी तसंच होतं. डोकं न कलवता कितीही फुंका, हवा आत जायची नाही आणि छाती वर यायची नाही. मी खोटं बोलूच शकत नव्हतो.

माझ्यासोबत त्याच पेटीतून एक तान्ह्या बाळाचा पुतळा आला. तिला सगळे छोटी म्हणत. आम्ही दोघं एका पोहण्याच्या तलावावर पोहोचलो. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आमची जागा होती. तिथून निळं पाणी, ओल्या फरशा, चपलांची रांग असं सगळं दिसायचं.

सुरुवातीला आमच्यावर लोकांना शिकवायला एक निवृत्त नर्स यायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिचा आवाज घोगरा होता आणि स्वभाव तिखट.

"मोठा माणूस असेल तर दोन्ही हात छातीच्या मधोमध, कोपरं ताठ," ती सांगायची. "तीसदा दाबा, दोनदा श्वास द्या. लहान मूल असेल तर एक तळहात पुरतो. तान्हं बाळ असेल तर दोन बोटं. त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाका आणि गालातल्या हवेची हलकी फुंकर घाला. बाळाचं डोकं फार मागे नको, सरळच ठेवा. आणि बुडालेल्याला आधी श्वास, मग दाब. नजर कुठे? छातीवर! ती हलली नाही तर तुमची फुंकर वाया गेली."

कोणी हसलं की ती म्हणायची, "हसा. हा काही मरत नाही. ज्या दिवशी खरा मरेल, त्या दिवशी हसून दाखवा."

तलावाचा कारभार साहेबांकडे होता आणि साहेबांचा कारभार त्यांच्या मेहुण्याकडे. मेहुणा आडदांड, बडबड्या. त्याला माझी फार गंमत वाटायची. तो माझ्या तोंडात सिगारेट खोचायचा, मला खुर्चीत बसवून मी येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना डोळा मारतोय असं सोंग करायचा. छोटीला साहेबांची लेक बाहुली म्हणून घरी घेऊन गेली. पुढे छोटी परत आली ती डोळे खरवडलेली आणि छाती कापलेली. तिला कचऱ्यात टाकताना कोणाचा हात क्षणभरही अडला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मेहुण्याने मित्रांशी पैज लावली आणि मला उंच फळीवरून उलटं पाण्यात फेकलं. खाली पाणी कमी होतं. माझी मान तळावर आपटली आणि गळ्यातली झडप तुटली. मित्र पोट धरधरून हसले. नळदुरुस्तीवाल्याला बोलावून तुटक्या जागी कडक पाइपचा एक तुकडा बसवला. आता माझी वाट कायमची उघडी राहिली. डोकं सरळ असो, वाकडं असो, कशीही फुंक मारली तरी माझी छाती टरारून फुगायची.

सिस्टरने पहिल्याच फुंकरीत ते ओळखलं.

"साहेब, नवा गळा मागवा. यावर लोक चुकीचं शिकतील."

"हवा जाते ना आत? मग झालं."

"तेच तर सांगतेय. जायला नको तेव्हाही जाते. असल्या गळ्यावर मी शिकवणार नाही."

"मग नका शिकवू," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

सिस्टर गेली. शिकवायचं काम मेहुण्याकडे आलं.

त्यानंतर बगळा कामावर लागला. त्याचं खरं नाव तलावावर कोणी घेत नसे. उंच, सडसडीत, पाण्याच्या कडेला तासन्‌तास न हलता उभा राहणारा, म्हणून बगळा. त्याच्या घरी आई आणि धाकटी बहीण. ही नोकरी त्याला मोठ्या मिनतवारीने मिळाली होती आणि तो ती जीव लावून करायचा. मेहुण्याने त्याला घाईघाईत शिकवलं. "जोरात दाब, पटापट दाब, नाक धरून फुंक. बस." डोकं कलवण्याबद्दल चकार शब्द नाही. पण बगळा रोज दुपारी तलाव रिकामा झाला की मला फरशीवर घ्यायचा आणि घाम निथळेपर्यंत सराव करायचा. मेहुणा दारातून ओरडायचा, "अरे, लग्न कर त्याच्याशी!" बगळा कान लाल करून पुन्हा मोजायला लागायचा. दरवेळी माझी छाती वर आली की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की बाबा, हे खरं नाही. पण पुतळ्याला तोंड असतं ते फक्त इतरांच्या फुंकरीसाठी.

मग तो दिवस आला. एक मावशी आपल्या भाच्यांना घेऊन आली होती. धाकट्याच्या पायात चप्पल चढवायला ती खाली वाकली आणि मोठी भाची, सहा-सात वर्षांची, खोल बाजूला घसरली. बगळ्याने शिट्टी टाकली आणि सूर मारला. पोरीला कडेला आणून उताणी ठेवली. "अँब्युलन्स बोलवा!" तो ओरडला. तिने हाकेला ओ दिली नाही, श्वासही दिसेना. त्याने तिचं नाक धरलं आणि फुंकर घातली.

छाती वर आली नाही.

त्याने आणखी जोरात फुंकलं. पोट फुगलं, तोंडातून पाणी आलं, छाती तशीच. असं झालं तर काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, कारण माझ्यावर असं कधी झालंच नव्हतं. मी काचेतून त्याचे डोळे पाहिले. शिकलेलं सगळं त्याने जीव ओतून केलं. दाब अगदी बरोबर दिले. श्वास मात्र एकही पोहोचला नाही.

अँब्युलन्सवाला गुडघ्यावर बसला, त्याने दोन बोटांनी पोरीची हनुवटी उचलली, मास्क लावून हवेची पिशवी दाबली. पहिल्याच फुंकरीला छाती वर आली. बगळा शेजारीच होता. त्याने ते पाहिलं.

पोरगी इस्पितळात गेली, पण पुन्हा जागी झाली नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

मावशी तलावावर आली ती सरळ बगळ्यासमोर उभी राहिली. "तुला येत नव्हतं, तर माझ्या पोरीला हात का लावलास?" तिने विचारलं. बगळ्याने मान खाली घातली. साहेब आणि मेहुणा मागे मूग गिळून उभे होते.

चौकशीला अधिकारी येणार हे कळताच माझा नवा गळा हजर झाला. इतकी वर्षं जो मिळत नव्हता, तो एका दिवसात मिळाला. मेहुण्याने तो स्वतःच्या हाताने बसवला. अधिकाऱ्याने सरळ फुंकलं, हवा गेली नाही. डोकं कलवून फुंकलं, छाती वर आली.

"पुतळा उत्तम आहे," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय साहेब, शिकवण्यात कसूर नाही. माणूसच कामाचा नव्हता," मेहुणा म्हणाला.

सिस्टरने चौकशीत जाऊन खरं ते सांगितलं. तिला विचारलं गेलं, की तुम्हाला नोकरीवरून काढलं म्हणून राग आहे का? विषय तिथेच मिटला.

बगळा शिट्टी आणि चावी परत करायला आला, तेव्हा मी टेबलावर होतो. तो माझ्याजवळ आला. सवयीने नाक धरलं आणि फुंकलं. छाती हलली नाही. तो दचकला. पुन्हा फुंकलं. मग त्याने हळूच माझी हनुवटी वर उचलली, जशी अँब्युलन्सवाल्याने उचलली होती, आणि फुंकलं. छाती वर आली. त्याने माझी मान फिरवून तो कोरा चकचकीत गळा पाहिला.

"आधी सरळ फुंकलं तरी हवा जात होती," तो मेहुण्याला म्हणाला. "रोज जात होती."

"तुला भास झाला असेल. चावी ठेव."

"मी रोज दुपारी..."

"चावी ठेव म्हटलं ना!"

बगळ्याने चावी ठेवली. मला वाटलं, तो मेहुण्याच्या अंगावर धावून जाईल. तो गेला नाही. त्याने माझं डोकं नीट सरळ केलं आणि निघून गेला. ऐकतो, की आता तो गोदामात पोती उचलतो आणि त्याची बहीण घरात त्याच्यासमोर पाण्याचा विषय काढत नाही.

मित्रांनो, मेहुणा अजून इथेच आहे. नवी मुलं येतात, माझ्यावर शिकतात आणि आता बरोबर शिकतात, कारण माझा गळा बरोबर आहे. तो कोणामुळे मिळाला, हे त्यांना ठाऊक नाही. मला हसायचं असेल तर खुशाल हसा. पण माझ्यासारख्या मुक्या शिकवणाऱ्याला मोडू नका आणि मोडलेला दिसला तर गप्प बसू नका. आणि कधी खरोखरच कोणी तुमच्यापुढे निपचित पडलं, तर मदतीला हाक मारा, हनुवटी उचला, फुंकर घाला आणि छातीकडे बघा. ती हलली नाही, तर जोर वाढवू नका. डोकं पुन्हा कलवा.