लाखेच्या मुठीची तलवार

मला पाहून लोक आधी हळहळतात. "अरेरे, मूठ मोडली वाटतं!" मित्रांनो, काही मोडलेलं नाही! मी ब्रह्मदेशातली एक जुनी तलवार आहे आणि आम्ही अशाच असतो. मूठ लांब आणि गोल, बोटं वाचवणारी परज मुळीच नाही. माझ्या लोहाराने पातं घडवलं, त्याचं मागचं टोक लाकडी मुठीत खोचलं आणि वितळलेली लाख ओतून पक्कं केलं. खिळा एकही नाही!

महायुद्धात कचरू नावाच्या जवानाने आमच्या ओढ्यावर पूल बांधला. लोहार इतका खूश झाला, की त्याने मलाच त्याच्या हाती दिलं. अशी मी खडकीत आले.

पुढे कचरूबाबा सगळ्यांना माझी गोष्ट सांगायचे, अगदी लाखेसकट. त्यांचा मुलगा अभय म्हणायचा, "बाबा, तुमचा ब्रह्मदेश जुन्या बाजारात लागतो. तिथूनच भंगारात घेतलीत ना ही?" सगळे हसायचे. एक दिवस बाबांनी गोष्ट सांगणंच सोडलं. मी कपाटावर धूळ खात पडले, पण माझ्यापेक्षा मला त्यांचंच जास्त वाईट वाटायचं.

दोन हजार साली नात आम्रपालीला हडपसरला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. आम्ही सगळ्यांनी तिकडेच फ्लॅट घेतला. नव्या भिंतीवर मोडकी तलवार कशी लावायची? अभयने मला उचललं आणि थेट वैजनाथ वेल्डरकडे नेलं.

"ही मूठ काढून टाका. झकास मराठी मूठ बसवा, परजेसकट."

माझ्या पोलादाचं तर पाणी पाणी झालं! मूठ गेली, तर बाबांचं खरं कोण मानणार? वैजनाथने मला उलटंसुलटं केलं, कानशीने घासून पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"अहो, खिळाच सापडेना. आणि परज तुटल्याची खूणही नाही."

त्याने मूठ जरा शेकली. फटीतून काळपट लाल थेंब ओघळला. वैजनाथने वास घेतला. "ही तर लाख!"

अभय वाकून तो थेंब बघू लागला. तेवढ्यात आम्रपाली स्कूटी टाकून धावतच आली. हातात आजोबांच्या गोष्टीवरून शोधून सायबर कॅफेतून छापून आणलेला कागद.

"पप्पा, थांबा! वेल्डिंग करू नका! ही बर्मीज आहे!"

कागदावर हुबेहूब माझ्यासारखी तलवार. खाली लिहिलेलं, पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं.

"बाबा हेच सांगत होते," अभय पुटपुटला.

घरी येऊन त्याने मला बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि जवळ बसून हळूच विचारलं, "बाबा, तो पूल कुठे होता हो?"

"जुन्या बाजारात," बाबा म्हणाले.

अभयने मान खाली घातली. बाबा खुदकन हसले, माझी मूठ चाचपली आणि म्हणाले, "बस. सांगतो."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू दुरुस्तीला न्यायच्या आधी ती मोडलीये का, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.